विमानात हरवलेला महिना

दिंद्रुड,
२८ जानेवारी २००५

अहो,

नवऱ्याला पत्र लिहिताना माथ्यावर काय काय लिहायचं ते आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ते सगळं लिहीत बसले तर पुढचं लिहायला धीर उरणार नाही, म्हणून गाळते. पाकिटावर मात्र तुमचं पूर्ण नाव लिहिलंय, इंग्रजीत. मराठीत लिहिताना हात अडतो आणि इंग्रजीत अडत नाही, याचं माझं मलाच हसू आलं. सात वर्षं झाली लग्नाला, तरी हे असंच.

मुलगी झाली. सोळा तारखेला, रविवारी, माजलगावच्या दवाखान्यात. वजन सव्वातीन किलो. रडणं असं की शेजारच्या खोलीतल्या बाया बघायला आल्या. मी बरी आहे. थोडा ताप होता, तो उतरला.

काल बारसं होतं. आमच्या आईनं आठ दिवस आधी आपल्या गावी निरोप धाडला होता. तुमच्याकडून कुणीच आलं नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला सासरचं माणूस लागतं, म्हणून आईनं दुपारी तीनपर्यंत पाळण्याला कुणाला हात लावू दिला नाही. गल्लीतल्या बाया बसून होत्या, घुगऱ्या गार झाल्या. शेवटी पाळणा नुसताच हलवला आणि बाया उठून गेल्या. मुलीला अजून नाव नाही.

आत्याबाईंची तब्येत बरी नसेल. मी सून असले तरी तुमच्या आईचा स्वभाव ओळखून आहे, काही कारण असल्याशिवाय त्या नातीच्या बारशाला चुकायच्या नाहीत. त्या माघात बाळंतपण धरून चालल्या होत्या आणि मुलगी पौषातच आली, तेव्हा त्यांची तयारी झाली नसेल. तुम्ही त्यांना एक पत्र टाका. मी लिहिलं तर ते चुलत सासरे आप्पाराव मामंजी वाचून दाखवणार, आणि त्यांच्या तोंडून माझं बोलणं त्यांना नीट लागणार नाही.

काळजीचं काही नाही. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

तुमची,
गीता


दिंद्रुड,
१२ फेब्रुवारी २००५

अहो,

मागच्या पत्रात काळजीचं काही नाही असं लिहिलं ते खोटं होतं. तेव्हाच मला कुणकुण होती. आता सगळं उघड झालं आहे आणि मला फार भीती वाटते आहे. तुम्हाला आत्याबाईंचं पत्र गेलं असेलच, म्हणून माझ्याकडून काय घडलं ते लिहिते.

मंगळवारी आपल्या गावची कडूबाई सुईण आली. एकटीच, एसटीनं. आत्याबाईंनी पाठवलंय म्हणाली. मला वाटलं बाळाला अंगडं-टोपडं आणलं असेल, म्हणून मी चहा टाकला. तिनं चहा घेतला नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि बाळाला दुपट्यातून काढून मांडीवर उघडं घेतलं. नखं बघितली. कानाची पाळी दुमडून सोडून दिली, परत सरळ होते का ते बघितलं. पाठ हातानं चोळून लव आहे का बघितली. बाजारात वासरू घेताना बघतात तसं. बाळ रडून लालबुंद झालं तरी तिचं चालूच होतं. मग दुपटं गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि आईला म्हणाली,

"मंजुळाबाई, पोर पुऱ्या दिवसांचं हाय."

आई म्हणाली, "मग? देवाची किरपा."

"किरपा कसली? तुजा जावाई शादेव आखितीला आला. तवापून आठच म्हैने भरत्यात. आठ म्हैन्यात नऊ म्हैन्याचं पोर व्हतं का कुटं? हिच्या सासूनं, भिवराबाईनं इचारलंय, वरचा म्हैना कुनाचा?"

आईच्या हातातली परात तिथंच राहिली. मी पुढं झाले. मग बोटं धरून तिला सांगू लागले, की तुम्ही बावीस एप्रिलला, अक्षय तृतीयेला, केनियाहून आलात, तुमच्या वडिलांची पहिली घागर पुजलीत, दोन मेला गेलात. मे, जून, जुलै असं जानेवारीपर्यंत मोजलं, नऊ आले. कडूबाई म्हणाली, "तुजं विंग्रजी तुज्यापाशी ऱ्हाऊ दे." आणि तिनं मोजलं. जेठात वटपुनव, एक. आखाडात एकादस, दोन. सावनात पंचमी, तीन. भादव्यात महालक्ष्म्या, चार. दसरा पाच, कार्तिकी एकादस सहा, चंपाषष्ठी सात, संक्रांत आठ. थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

अहो, माझ्या बोटांवर नऊ येतात आणि तिच्या बोटांवर आठ. ती गेल्यावर मी तिच्या रीतीनं चार वेळा मोजून पाहिलं. आठच येतात. उपकेंद्राच्या सिस्टरनं कार्डावर जानेवारीच लिहिली होती, पण कडूबाईला कार्ड दाखवलं तर ती म्हणाली, ती तारीख तूच सांगितली असशील. ते खरंच आहे. सिस्टरनं मला विचारूनच लिहिली होती.

आमच्या आईनं आपल्या परीनं वकिली केली. ती म्हणाली, "इमानातनं येताना-जाताना दिवस हिकडं-तिकडं व्हत आसतील. तिकडं आन् आपल्याकडं येळच येगळी हाय." मला त्या वेळीही हसू आवरेना आणि रडूही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर आणि विमानाला सहा तास. घड्याळ अडीच तास मागं करायचं, बास. पण आईनं हे गल्लीत सांगितलं आणि आता दिंद्रुडात म्हणतात की मंजुळाबाईच्या जावयाचा एक महिना विमानात हरवला. पोरंसोरं हसतात. मी दाराबाहेर पडत नाही.

तुम्ही तिकडून आत्याबाईंना चार ओळी लिहा. दुसऱ्या कुणाचं ऐकायच्या नाहीत त्या. तुम्ही म्हणालात की माझं पोर आहे, तर विषय संपला.

तुमचीच,
गीता


दिंद्रुड,
६ मार्च २००५

अहो,

तुमचं पत्र परवा मिळालं. सोळा दिवसांत आलं, या खेपेला लवकर. पाच ओळी आहेत. प्रकृतीला जप. आईला उलट बोलू नकोस. तिकडचं हवापाणी बरं आहे, गाळप जोरात चालू आहे. सगळं आपोआप निवळेल. काळजी करू नये.

मी ते किती वेळा वाचलं असेल याची गणती नाही. त्यात मुलीचं नाव नाही, तिला तर नावच नाही म्हणा, पण 'मुलगी' हा शब्दही नाही. 'निवळेल' म्हणजे काय? संशय निवळेल की मी? तुम्ही साखर शिजवणारे, पॅनवर उभे राहून रसात दाणा कधी धरतो ते नुसत्या नजरेनं ओळखणारे. कारखान्यात तुमच्याइतका शांत पॅनमन नाही असं सगळे म्हणायचे. पण माणसाच्या घरात असं शांत राहून चालतं का?

तुमच्या मनातही तेच असेल या भीतीनं मी आता एक गोष्ट सांगून टाकते. दुसऱ्याकडून कळली तर वेगळी कळेल.

मी मोहनरावांच्या मोटारसायकलवर बसले होते. एकदा. मोहनराव म्हणजे आपल्या दूध संस्थेचे सचिव, दुष्काळातल्या चारा छावणीत जनावरांची हजेरी लिहायला मला त्यांनीच लावलं होतं. सगळं गाव छावणीतच होतं तेव्हा. गेल्या साली मार्च महिन्यात, तुम्ही यायच्या आधी, तुमचा निरोप आला होता, की बुधवारी चार वाजता तेलगावच्या बूथवर फोन करीन. एसटी आलीच नाही. तीन वाजून गेले. मोहनराव तिकडंच निघाले होते, मी मागं बसले. तुमचा फोन घ्यायला बसले. तुम्ही फोनवर विचारलंत, कशी आलीस, मी म्हटलं एसटीनं. तेवढं एक खोटं बोलले. ते तेव्हा सांगितलं असतं तर आज एवढी भीती वाटली नसती. आता आत्याबाई तो मार्च आणि तुमचा एप्रिल जोडून दाखवतात आणि त्यांचा नववा महिना बरोबर तिथं जाऊन बसतो. मोहनराव छावणी मोडल्यावर बदलून गेवराईकडं गेले, तेही आता पळून गेले असंच बोललं जातं.

आणखी एक. तुम्ही जाताना आपण भांडलो होतो हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. मला घेऊन चला म्हटलं, तुम्ही म्हणालात आई एकटी पडेल. मी म्हटलं, मग मी एकटी पडले ते चालतं? तुम्ही माजलगावच्या स्टँडवर गाडीत बसलात ते खिडकीतून मागं बघितलं नाही. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. तो राग तुम्ही अजून धरून असाल तर तो माझ्यावर काढा. पोरीवर काढू नका.

आता मुख्य. आप्पाराव मामंजींनी भावकीची बैठक ठरवली आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दहा एप्रिलला, आपल्याच ओसरीवर. ते चुलत सासरे, घरातले थोरले, कारखान्याचे संचालक, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं की बाळंतिणीला न्यायला सासरचे येतात. आमच्याकडं न्यायला कुणी येणार की नाही, ते त्या बैठकीत ठरणार. नाही ठरलं तर मुलीला तुमचं नाव लागायचं नाही, आणि तुमच्यासाठी केजकडचं स्थळ बघून ठेवलंय असंही कानावर आलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत काल म्हणाली, "औंदा हिरी कोरड्या हायती त्येवडं बरं." टँकरनं पाणी येतं त्या गावात आईला लेकीसाठी एवढंच बरं वाटावं.

मी हिशेब केला आहे. तुमच्या कारखान्यापासून नैरोबीला बसनं आठ तास. विमानतळावर तीन. विमान सहा. मुंबईला उतरून बाहेर पडायला दोन. मुंबईहून बीडला अकरा आणि तिथून आपल्या गावाला दोन. बत्तीस तास. त्यात साडेचार हजार किलोमीटरचे सहाच, बाकीचे सगळे जमिनीवरचे. हे पत्र तुम्हाला पंचवीस मार्चपर्यंत मिळेल. पंधरा दिवस हातात राहतात आणि लागतात बत्तीस तास. तुम्ही सांगत होतात की पुढच्या सीटच्या पाठीला लहानसा टीव्ही असतो आणि किती किलोमीटर राहिले ते त्यात दिसत जातं. मी बाळाला पाजताना डोळे मिटून तेच आकडे उतरताना बघते. वेडेपणा आहे, पण त्यानं थोडा वेळ भीती कमी होते.

यायला जमत नसेल तर आत्याबाईंना लिहा. तेही जमत नसेल तर मला लिहा, की तुमच्या मनात संशय आहे. निदान कळू तरी द्या.

गीता


दिंद्रुड,
२७ मार्च २००५

अहो,

हे पत्र बैठकीआधी तुम्हाला मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी बडबडायला लागेन.

सोमवारी मी बूथवर जाऊन तुमच्या कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडं कुणीतरी इंग्रजीत बोललं. मला सुचेना. मग मी तुमचं नाव घेतलं. आधी हळू, मग मोठ्यानं, मग ओरडून, तीनदा. बूथवाला आणि रांगेतले दोघे माझ्याकडे बघत होते. सात वर्षांत कधी घेतलं नव्हतं ते नाव मी भर बाजारात ओरडले. पलीकडचा म्हणाला, वेट. मग यंत्रांचा आवाज येत राहिला, कुणाचीतरी पावलं वाजली. कुणीतरी फोन उचलला. मी म्हटलं, मी बोलतेय, दहा तारखेला बैठक आहे. कुणी काही बोललं नाही. पण माणूस होता, श्वास येत होता. आणि फोन ठेवला गेला.

ते तुम्ही होतात का? तुम्ही असाल तर मला भीती वाटते आणि नसाल तरी वाटते.

त्यानंतर चार दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. मला माझ्याच मोजण्याची शंका यायला लागली. माणसाला आपल्या देहाचं ठाऊक असतं म्हणतात, पण दहा जण तेच तेच म्हणायला लागले की देहही साक्ष फिरवतो की काय कुणास ठाऊक. बाळाकडे बघून मी विचारत होते, बाई गं, तू कधी आलीस?

आणि काल सगळं सुटलं. इतकं सोपं की मला माझ्या आठवीच्या शिक्षणाची लाज वाटली.

आई भाकरी थापत होती. स्वतःशीच पुटपुटत होती, की जावई रुसला, रुसणारच, त्याचं आमच्याकडून काही झालंच नाही. "दिवाळसण धड झाला न्हाई. गेल्या साली धोंडा आल्ता, तवा जावाई परमुलकात. अनारसं न्हाई का वाण न्हाई. घरात पेयाला पानी न्हवतं, धोंडं कशाचं करावं? दुष्काळात तेरावा म्हैना म्हंत्यात ते काय उगं?"

मी म्हटलं, "आई, काय म्हणालीस? गेल्या साली धोंडा होता?"

"व्हता की. सावन दोन आल्ते."

मी तशीच उठले आणि मारुतीच्या पुजाऱ्याकडं जाऊन गेल्या सालचं पंचांग बघून आले. अधिक श्रावण, अठरा जुलै ते सोळा ऑगस्ट. अहो, तो महिना विमानात नव्हता हरवला, तो इथंच होता. कडूबाई आणि आत्याबाई महिने सणांवर मोजतात, आणि धोंड्याच्या महिन्याला सणच नसतो. असतं ते जावयाचं कौतुक. आपल्या घरी लेकच नाही, मग जावई कुठला. माझ्या माहेरचा जावई केनियात. आणि दुष्काळात कुणी कुणाच्या जावयाला बोलावलं नाही. लग्न नाही, सण नाही, वाण नाही, मग तो महिना कुणाच्या बोटावर बसणार?

मी आईला मिठी मारली. तव्यावरची भाकरी करपली.

पण आनंद फार टिकला नाही. मला कळलं म्हणून बैठकीला कळेलच असं थोडंच आहे? मी बोलायला उभी राहिले तर म्हणतील, बघा, पंचांग शोधत बसली होती, पाप असल्याशिवाय का? शहाणपण सुनेच्या तोंडून निघालं की ते कपट होतं. तेच तुमच्या तोंडून निघालं असतं तर शहाणपणच राहिलं असतं. म्हणून तुम्हीच हवे होतात.

गीता


आपलं घर,
१३ एप्रिल २००५

अहो,

पत्ता बघून तुम्हाला कळलं असेल. मी आपल्या घरी आहे. कशी आले ते सांगते.

दहा तारखेला मी आणि आई बाळाला घेऊन सकाळच्या एसटीनं आलो. आम्हाला बोलावलेलं नव्हतं. ओसरीवर पंधरा-वीस माणसं, मधे आप्पाराव मामंजी, आत दाराशी बाया. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी खांबाला धरून उभी राहिले. तुम्ही येणार नाही हे ठाऊक असूनही येताना रस्ताभर प्रत्येक जीपकडे बघत होते.

मामंजी म्हणाले, "सूनबाई, तुला काय बोलायचं हाय का?"

मी पंचांगाचं नाव काढलं नाही. पुजाऱ्याकडून आणलेलं पंचांग आईच्या पिशवीत होतं, ते तिथंच राहू दिलं. मी बायांकडे तोंड केलं आणि एवढंच विचारलं, की गेल्या साली आषाढी एकादशी झाल्यावर पंचमी किती दिवसांनी आली? आवाज इतका बारीक निघाला की मामंजींनी परत विचारायला लावलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग शेजारच्या छबुबाई म्हणाल्या, "गेल्या साली पंचमी लई लांबली बया. माजी लेक पंचमीला येनार म्हून मी डोळं लावून बसलेली. दीड-दोन म्हैने झालं तरी पंचमी येईना." आणि तोंडावर हात ठेवून त्या एकदम म्हणाल्या, "आगं बया! धोंडा आल्ता न्हाई का मधी!"

 मामंजींनी पंचांग मागवलं. आईनं पिशवीतून काढून दिलं, ते बघून ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. पान उलटून वाचलं. आत्याबाईंनी परत बोटं धरली. वटपुनव, एकादस, मग अंगठा तिसऱ्या पेरावर तसाच थांबला. ओठ हलले. पंचमी, महालक्ष्म्या, दसरा, पुढं मोजत गेल्या आणि संक्रांतीला नऊ झाले. त्यांनी परत एकदा मोजले. मग माझ्याकडे न बघता दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाल्या, "आन हिकडं तिला."

माझ्याकडून बाळ सुटेना. आईनं माझ्या बोटांतून सोडवून त्यांच्याकडं दिलं.

माफी वगैरे काही नाही. "चुकलं आसंल. मानसाचं चुकतंय," एवढंच. मी मनात म्हटलं, अडीच महिने माझा जीव टांगणीला आणि हिचं नुसतं 'आसंल'. पण राग यायलाही अंगात बळ नव्हतं. लोक उठले, चहा झाला, मामंजी जाताना बाळाच्या मुठीत नारळ टेकवून गेले.

इथपर्यंतच असतं तर मी हे पत्र निराळं लिहिलं असतं.

काल दुपारी गहिनीनाथ आले. तुमच्याबरोबर तिकडं गेलेले फिटर, पाडव्याला रजेवर आलेत. तुम्ही दिलेलं पार्सल घेऊन आले, फ्रॉक आणि पावडरचा डबा. आत्याबाई बाळाला मांडीवर घेऊन ओसरीत, मी दाराशी. ते बाळाकडे बघून हसले आणि म्हणाले,

"वैनी, हिच्या नावानं आमी साखर तर फेब्रुवारीतच खाल्ली. शादेवनं सगळ्या पाळीला वाटली."

मी म्हटलं, "फेब्रुवारीत?"

"काकूचं पत्र आलं तवा. एक दिस गप व्हता. मग कॅलेंडर काढलं, मोजलं, आन् म्हनला, गहिन्या, नऊ म्हैने बराबर हायत. पोरगी माजीच हाय. आईचं मोजायचं चुकलंय."

आत्याबाईंनी विचारलं, "मग त्यानं मला लिवलं कावून न्हाई?"

गहिनीनाथांना तेव्हा कळलं की आपण काय बोलून बसलो. ते टोपी चाचपत राहिले. मग म्हणाले, "मी म्हनलो त्याला, चार वळी लिव. म्हनला, आईला खोटी कशी पाडू? निवळंल आपोआप."

अहो, मी जानेवारीपासून एकाच गोष्टीला भीत होते, की तुम्हाला संशय आला असेल. तुम्हाला संशय नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. तुम्ही तिकडं साखर वाटत होतात तेव्हा इथं तुमच्या पोरीची नखं बघून झाली होती. माझ्या आईला विहिरी कोरड्या असल्याचं बरं वाटत होतं. बैठकीची तारीख तुम्हाला माहीत होती. फोनवरचा श्वास कुणाचा होता ते मी आता विचारत नाही.

गहिनीनाथ गेल्यावर आत्याबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळून खाली ठेवलं. मला वाटलं तुमचीच बाजू घेतील, लेकाची कड सोडायची त्यांना सवय नाही. त्या म्हणाल्या, "मला तोंडावर खोटी पाडलं आसतं तरी चाललं आसतं. माज्या हातनं पाप करून घेतलं त्यानं. बसला गंमत बघत." आणि रडल्या. तुमचे वडील वारले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले नाही, पण उठूनही गेले नाही. त्यांनी चुकीचं मोजलं म्हणून माझा छळ केला. त्यांच्याबरोबर एका घरात मला राहता येईल. बरोबर मोजून गप्प बसलेल्या माणसाबरोबर कसं राहायचं ते मला समजत नाही, आणि मला तुमची भीती वाटते. ही नवीन भीती आहे. पहिलीपेक्षा वाईट आहे. उद्या काही झालं, पोरीला काही झालं, तर तुम्हाला सगळं माहीत असेल आणि तुम्ही निवळायची वाट बघत बसाल.

आज सकाळी मुलीचं नाव ठेवलं. पाळणा छबुबाईंकडून मागून आणला. आत्याबाईंनीच कानात सांगितलं, मी आणि आमच्या आईनं ऐकलं. मी म्हटलं, त्यांना कळवते. तर म्हणाल्या, "न्हाई कळवायचं. त्याला नाव पायजे आसंल तर मला लिवील. आधी लिवील, की मला ठावं व्हतं आन् मी गप बसलो. मग बगू."

पत्र तुम्ही त्यांना लिहायचं आहे, मला नाही. आप्पाराव मामंजी वाचून दाखवतील, चार माणसांत, तुम्हाला संकोच वाटला तरी. त्यानंतर नाव सांगायचं की नाही ते त्या ठरवतील. माझं विचाराल, तर मी त्यांना सांगा असंही म्हणणार नाही आणि सांगू नका असंही म्हणणार नाही.

फ्रॉक मोठा आहे. वर्षाच्या पोरीला होईल असा आहे.

गीता